विंचवाची गाडी आणि पंचवीस हजारांचं बजेट

गाडी दारात उभी राहिली तेव्हा गल्लीतली मुलं विंचवाचं चिन्ह बघायला धावली. अम्मीनं मात्र दार उघडून आत डोकावलं आणि म्हणाली, "बाहेरून दूल्हा, आत सगळं कबाड!"

तिचं चूक नव्हतं. छताचं कापड मध्येच लोंबत होतं, ड्रायव्हरच्या सीटची कड फाटून स्पंज बाहेर आला होता आणि स्टिअरिंगचं कातडं सोलवटलं होतं. पूर्वीचे मालक घुग्घुसचे. त्यामुळे सीटच्या शिवणींत, एसीच्या जाळीत कोळशाची बारीक भुकटी बसली होती. चंद्रपूरकरांना ती वेगळी सांगायला नको.

गाडी होती फियाटची अबार्थ पुंटो. दिसायला साधी हॅचबॅक, पण १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि १४५ हॉर्सपॉवर. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावात बनलेली. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती बाजारात आली तेव्हा किंमत दहा लाखांच्या आत होती, आणि त्या पैशांत एवढी ताकद दुसऱ्या कुठल्या हॅचबॅकमध्ये मिळत नव्हती. कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत कंपनी काढली आणि आपली रास वृश्चिक म्हणून विंचू हे चिन्ह घेतलं. धाकट्या भावाचं कॉलेजपासूनचं स्वप्न होतं ते. कर्ज न काढता, साठवलेल्या पैशांतून जुनी गाडी घेतली. आतल्या कामासाठी घरात ठरलं, पंचवीस हजार. एक रुपया वर नाही.

पहिले दोन दिवस फक्त साफसफाई केली. मऊ ब्रश, व्हॅक्यूम आणि कोमट पाण्यात किंचित शाम्पू. निम्मं कबाड तिथेच गेलं. आमच्या मते जुन्या गाडीवर खर्च करण्याआधी एवढं तरी करावंच, कारण काय खरंच खराब आहे आणि काय नुसतं मळलंय, हे धुतल्याशिवाय कळत नाही.

छतानं आम्हाला धडा शिकवला. छताच्या कापडामागे स्पंजचा पातळ थर असतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंश जास्त होऊ शकतात. त्या तापानं स्पंजाचा भुगा होतो. एका दुकानदारानं त्या भुग्यावरच गोंद फासून नवं कापड चिकटवलं. अडीच हजार घेतले. एप्रिल संपायच्या आत ते तंबूसारखं खाली आलं.

मग ट्रकच्या सीटा शिवणाऱ्या एका उस्तादांकडे गेलो. त्यांनी छताचा पुठ्ठाच बाहेर काढला, जुना स्पंज ब्रशनं पार खरवडला आणि उष्णता सोसणारा गोंद लावला. साडेतीन हजार. मे, जून दोन्ही निघाले, कापड जागेवर आहे.

सीटांसाठी भावाला काळं रेक्झिन आणि लाल दोरा हवा होता. अम्मी म्हणाली, "मे महिन्यात दुपारी दोनला त्यावर बसून दाखव." विषय संपला. पाठ आणि बैठकीला जाड सुती वळणाचं कापड, कडांना तेवढं रेक्झिन आणि लाल दोरा फक्त शिवणीला. पुढच्या दोन्ही सीटांचे साडेनऊ हजार झाले. सीट काढण्याआधी उस्तादांनी बॅटरीची तार सोडवली आणि दहा मिनिटं चहा पीत बसले. "सीटखाली पिवळी तार दिसली तर एअरबॅगची समजायची, बेटा. तिला उगाच हात लावायचा नाही." ज्या गाड्यांत सीटच्या कडेलाच एअरबॅग असते, तिथे कडेवरून घट्ट कव्हर चढवलं तर एअरबॅग अडकू शकते. म्हणून कव्हर घेताना आधी हे विचारून घ्यावं.

स्टिअरिंगवर घसरणारं तयार कव्हर घेतलं नाही. चौकातल्या मोचीदादांनी मेणाच्या दोऱ्यानं कातडं जागेवरच शिवून दिलं. एक हजार. सगळ्या कामात हेच आम्हाला सर्वांत आवडलं.

आता मॅटची गोष्ट. ती सांगायची लाज वाटते. चकाचक जाड मॅट, अठ्ठावीसशे रुपयांची. दुकानदारानं जुन्या मॅटवरच टाकून दिली, आम्हीही हो म्हणालो. चार दिवसांनी मूल रस्त्यानं गडचिरोलीला निघालो. मागे अम्मी, वहिनी आणि तीन वर्षांची भाची. लोहारा सोडून चिचपल्लीच्या जंगलात भावानं पाय उचलला, तरी गाडी वेग सोडेना. मॅट पुढे सरकून पेडलवर चढली होती. या रस्त्यावर कधी चितळ आडवं येईल सांगता येत नाही. भावानं क्लच दाबला, गाडी न्यूट्रलला घेतली आणि ब्रेक लावून कडेला थांबवली. बराच वेळ कोणी बोललं नाही.

२००९ मध्ये अमेरिकेत अशाच चुकीच्या मॅटखाली पेडल अडकून एका गाडीतले चौघे दगावले होते. नंतर टोयोटाला तिथे लाखो गाड्यांसाठी मॅटबाबत रिकॉल काढावा लागला. एकच मॅट, त्याच मॉडेलच्या मापाची आणि खालच्या खुंट्यांत अडकवलेली. आमची आता बाराशेची आहे.

भावाला शर्यतीच्या गाडीतली बकेट सीट आणि चार पट्ट्यांचा बेल्टही लावायचा होता. घरच्या गाडीत मूळ बेल्ट काढून तसली जोडणी करणं आम्हाला पटलं नाही. त्याऐवजी भाचीसाठी मामेभावाकडची चाइल्ड सीट आणली, फुकटात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानंही चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट लागतेच. काळी फिल्म लावण्याचा मोह उन्हामुळे सगळ्यांनाच होतो. पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काचांवरच्या काळ्या फिल्मना मनाई केली, म्हणून पाचशे रुपयांचा चंदेरी पडदा आणि कडुनिंबाची सावली.

तीन हजारांत चारही दारांच्या आत आवाज दाबणारी शीट लावली. आलापल्लीकडच्या खडबडीत रस्त्यावर फरक कळतो. रंगीत दिवे राहिले. त्यासाठी मूळ तारा कापाव्या लागणार होत्या, आणि फ्यूजशिवाय जोडलेली तार म्हणजे आगीला आमंत्रण.

हिशेब केला तर पाच हजार तीनशे रुपये निव्वळ वाया गेले, छताचे आणि मॅटचे. डॅशबोर्डवर एक चीर आहे आणि डावं मागचं दार अजून खडखडतं. उस्ताद म्हणतात, क्लिप तुटली असेल. ईदनंतर दाखवायचं ठरलंय.