अहिल्याबाईंच्या कारकिर्दीपेक्षाही लांब कैद

इंदूरच्या कृष्णपुऱ्यात होळकरांच्या छत्र्यांपुढे उभे राहिले की काळ वर्षांत नव्हे, कारकिर्दींत मोजावासा वाटतो. सर्वांत लख्ख कारकीर्द अहिल्याबाईंची, 1767 ते 1795. या 28 वर्षांत त्यांनी राज्य सांभाळले आणि काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, मंदिरे, धर्मशाळा उभ्या केल्या. आता याच मापाने एक कैद मोजून पाहा. तिबेटी भिक्षू पाल्देन ग्यात्सो चिनी तुरुंगांत आणि श्रमछावण्यांत 33 वर्षे होते. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीहून पाच वर्षे अधिक. दिवसांत सांगायचे तर बारा हजारांवर.

तिबेटचे सगळेच आकडे छाती दडपवणारे आहेत. तिबेटच्या पठाराचा विस्तार सुमारे 25 लाख चौरस किलोमीटर. त्यात आठ महाराष्ट्र मावतील. सरासरी उंची साडेचार हजार मीटर, म्हणजे कळसूबाईच्या अडीच पटींहून अधिक. नेपाळकडे निसटणारे तिबेटी ज्या नांगपा खिंडीतून जात, ती 5,700 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. तिथून मुलाबाळांना पाठीवर घेऊन माणसे चालली.

17 मार्च 1959 च्या रात्री दलाई लामा ल्हासातून निघाले आणि 31 मार्चला भारतात पोचले. त्यांच्या मागोमाग सुमारे 80 हजार लोक आले. पाल्देन मात्र मागेच राहिले. वय पंचविशीचे, गुन्हा चिनी राजवटीविरुद्धच्या उठावात भाग घेतल्याचा. आपले गुरू भारताचे हेर आहेत असे कबूल करावे म्हणून त्यांचा छळ झाला. ते बधले नाहीत. सात वर्षांची शिक्षा झाली. पळून जाण्याचा प्रयत्न केला म्हणून आणखी आठ. ती संपली तेव्हा विटा-कौलांच्या कारखान्यात सक्तमजुरी. 1983 मध्ये पुन्हा अटक, कारण स्वातंत्र्याची मागणी करणारी पत्रके.

ते आत असतानाच महाराष्ट्र राज्य जन्माला आले आणि बत्तीस वर्षांचे झाले. भारतात लोकसभेच्या आठ निवडणुका झाल्या. नेल्सन मंडेलांचा 27 वर्षांचा तुरुंगवास सारे जग जाणते. पाल्देन यांचा त्याहून सहा वर्षे मोठा.

1992 मध्ये सुटल्यावर, साठीच्या उंबरठ्यावर, ते नेपाळमार्गे धरमशालेला आले. सोबत आणली ती छळाची हत्यारे, विजेचे दंडुके आणि अंगठ्यांच्या बेड्या, कारण आपल्या शब्दावर जग विश्वास ठेवील याची त्यांना खात्री नव्हती. 1995 मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. इतिहासकार त्सेरिंग शाक्य यांच्या साहाय्याने लिहिलेले त्यांचे आत्मचरित्र 1997 मध्ये इंग्रजीत आले. 30 नोव्हेंबर 2018 ला धरमशालेत त्यांचे निधन झाले.

हे पुस्तक वाचल्यावर आपली दुःखे खोटी ठरत नाहीत, पण त्यांना त्यांची जागा कळते. मान आपोआप खाली जाते, आणि ती जायलाच हवी.

हा इतिहास आपल्यापासून दूरही नाही. गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडाजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत 1972 पासून आहे. थंडीत शहराशहरांत स्वेटर विकायला येणारे तिबेटी अशाच वसाहतींतले. यंदा त्यांच्याकडे खरेदीला गेलात तर भावाची घासाघीस जरा आवरा, आणि त्यांचे आजी-आजोबा कुठल्या वाटेने इकडे आले ते आस्थेने विचारा.