देहाचं दालन – लेखांक ९ : ग्रेचं पुस्तक, कार्टरचा हात

संग्रहालयातली हृदयाची बरणी या आठवड्यात बघायची, असं कबूल केलं होतं. ती पुढे ढकलतोय, कारण मीरा रोडच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलेला प्रश्न डोक्यातून जाईना. मुलांना घेऊन त्या एका मेडिकल कॉलेजचं शरीररचना संग्रहालय बघून आल्या. आपण गेल्या वेळी ज्या हाताच्या बरणीपाशी थांबलो होतो, तसल्याच एका बरणीसमोर त्यांची मुलं वैतागली. बाई म्हणतात, ‘स्नायूंवर आकड्यांच्या चिमुकल्या चिठ्ठ्या आणि नावं खाली यादीत. वरचा सात नंबर सापडेपर्यंत खाली वाचलेलं नाव पोरं विसरतात. सरळ नावंच का लिहीत नाहीत?’

सरळ उत्तर असं, की बरणीत जागा नसते. दोऱ्याएवढ्या शिरेवर नाव लिहायचं कुठे? शिवाय हेच नमुने परीक्षेत ‘स्पॉटर’ म्हणून मांडतात. टेबलांवर ओळीनं नमुने, प्रत्येकावर एक खूण, घंटा झाली की पुढच्या टेबलावर सरकायचं. नाव लिहिलेलं असेल तर परीक्षा कसली?

पण बाईंची तक्रार फार जुनी आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे लंडनचे विद्यार्थीही पुस्तकांबद्दल हेच बोलत असणार. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांतली चित्रं लहान, त्यांवर बारीक अक्षरं किंवा आकडे आणि खुलासा चित्राखाली. नजर सारखी वर-खाली. ही कटकट ज्या माणसानं मोडून काढली त्यानं पुढची तीस वर्षं आपल्या मुलखात काढली. काही काळ भायखळ्याला जे. जे. इस्पितळाच्या आवारातल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, काही काळ साताऱ्यात. त्याचं नाव हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. डॉक्टर लोकांसमोर हे नाव काढून बघा, दहांतल्या नऊ जणांना आठवणार नाही. ‘ग्रेज् अ‍ॅनाटॉमी’ म्हणा, सगळे माना डोलावतील.

‘ग्रे’ची पहिली आवृत्ती 1858 साली निघाली. मजकूर हेन्री ग्रेचा. चित्रं 363, ती कार्टरच्या हातची. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या विच्छेदनगृहात दोघांनी मिळून प्रेतं उघडली आणि कार्टरनं समोर दिसेल ते उतरवलं. बाप चित्रकार, मुलगा डॉक्टर, अशी ही दुर्मीळ जोडणी. आता त्यानं केलं काय, ते बघा. हाताचा स्नायू काढला की त्याचं नाव त्याच्याच अंगावर, धाग्यांच्या दिशेनं लिहायचं. धमनी वळली की नावही तिच्याबरोबर वळतं. खांद्याच्या पात्याचं चित्र काढलं तर हाडाच्या पाठीवर कुठला स्नायू कुठून सुटतो, त्या जागेवरच ‘इन्फ्रास्पायनॅटस’, ‘टेरेस मेजर’ असं लिहिलेलं. एका नजरेत आकार, जागा आणि नाव. अभ्यास करणाऱ्याचा निम्मा त्रास इथेच संपतो. मुंबईच्या नकाशावर एस. व्ही. रोड हे नाव रस्त्याच्या अंगावर छापलेलं असतं, तसंच हे.

आणि हे सगळं उलटं काढलेलं, बरं का! ही चित्रं कागदावरून छापलेली नाहीत. बॉक्सवुड नावाच्या घट्ट लाकडाचा आडवा छेद घ्यायचा, तो घासून गुळगुळीत करायचा, चित्रकारानं त्यावर थेट रेखाटन करायचं आणि कोरक्यानं रेघा सोडून बाकीचं लाकूड काढून टाकायचं. उरलेल्या उठावावर शाई लागते. छापताना डावं उजवं होतं, म्हणून ठोकळ्यावर चित्र आरशातल्यासारखं हवं. फुलदाणी उलटी छापली गेली तर कुणाचं काही अडत नाही. शरीराचं तसं नाही. यकृत उजवीकडे छापून यायचं असेल तर ते लाकडावर डावीकडे काढावं लागतं. उजव्या हाताचा डावा झाला की शिकणाऱ्या सर्जनचा घात. चित्रातली अक्षरंही लाकडात उलटीच कोरायची. समोर टेबलावर सुलटं प्रेत, हाताखाली उलटं चित्र. मला तर नुसत्या कल्पनेनं गरगरतं.

इतका खटाटोप कशासाठी? तर लाकडाचा ठोकळा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच फर्म्यात बसतो. तांब्याच्या पत्र्यावरची चित्रं वेगळी छापावी लागत, त्यामुळे महाग पडत आणि मजकुरापासून लांब कुठेतरी जात. ठोकळ्यामुळे ज्या पानावर मनगटाचं वर्णन, त्याच पानावर मनगट. ‘ग्रे’ विद्यार्थ्यांत खपलं याचं अर्धं श्रेय मी या लाकडाला देतो.

आता मान कुणाला मिळाला ते बघू. ग्रेनं त्याआधी 1854 मध्ये पानथरीवर एक पुस्तक काढलं होतं. त्यासाठीही कार्टरनं चित्रं काढली, पण पुस्तकात त्याचा उल्लेखच नाही. ‘अ‍ॅनाटॉमी’च्या वेळी नाव गाळणं शक्य नव्हतं, कारण पुस्तक चित्रांवरच उभं होतं. दरम्यान, पुस्तक छापून बाहेर पडायच्या आधीच, 1858च्या सुरुवातीला कार्टर जहाजात बसून मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनेचा प्राध्यापक झाला. शीर्षकपानाचं प्रूफ तिकडे लंडनला ग्रेच्या हाती पडलं. त्यावर कार्टरचं नाव ग्रेच्याच मापाच्या टायपात होतं आणि खाली मुंबईतलं त्याचं नवं पद. ग्रेनं नावाचा टाइप लहान करायला सांगितला आणि पदावर काट मारली. जगातल्या सर्वांत गाजलेल्या वैद्यकीय पुस्तकाच्या पहिल्या पानावर ग्रँट मेडिकल कॉलेजचं नाव यायचं होतं, ते असं राहिलं. आपल्या जे. जे.च्या पोरांना हे ठाऊक असायला हवं.

पैशांचा हिशेबही असाच एकतर्फी. ग्रेला दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड. कार्टरला एकदाच काय ते दीडशे पौंड, रॉयल्टी नाही. त्या रकमेतून त्यानं बहुधा आपला बऱ्याच दिवसांचा हट्ट पुरवला, सूक्ष्मदर्शक घेतला, आणि तो मुंबईला घेऊन आला. ग्रेला खलनायक ठरवायची मला घाई नाही. 1861 साली देवी आलेल्या पुतण्याची शुश्रूषा करताना त्यालाही देवी आल्या आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो गेला. तरी शीर्षकपानाचा प्रकार हलकेपणाचाच, असं माझं मत आहे.

मुंबईत आल्यावर कार्टरची नजर शवावरून जिवंत माणसाच्या पायाकडे वळली. शेतात अनवाणी राबणाऱ्यांच्या पायात काटा मोडतो, जखम वरून भरते, पण महिन्या-वर्षांनी पाय सुजून फुगतो, त्याला भोकं पडतात आणि पुवातून खसखशीसारखे काळे दाणे बाहेर येतात. दक्षिणेत मदुरैकडे हा रोग आधी नोंदला गेला होता, म्हणून त्याला ‘मदुरा फूट’ म्हणत. कार्टरनं कापलेले पाय तपासले, दाणे भिंगाखाली घातले आणि हे बुरशीचं काम आहे असं मांडलं. ‘मायसेटोमा’ हे नाव त्याचंच. त्यावरचं त्याचं सचित्र पुस्तक 1874 चं आहे. बुरशीची बाजू त्यानं घेतली तेव्हा जंतुशास्त्राची पहाटही नीट झाली नव्हती, हे लक्षात घ्या.

मध्यंतरी 1863 पासून काही वर्षं तो साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता, तुरुंगाचं कामही त्याच्याकडेच. मग महारोगाचा अभ्यास, त्यासाठी नॉर्वेची वारी. 1877 च्या दुष्काळात मुंबईत फिरून फिरून येणाऱ्या तापाची साथ आली, तेव्हा रोग्यांच्या रक्तात पिळाच्या आकाराचे जंतू त्यानं दाखवले. पुढे तो ग्रँट मेडिकल कॉलेजचा प्राचार्यही झाला. 1888 मध्ये निवृत्त होऊन परत गेला, 1897 मध्ये वारला. मला विचाराल तर मुंबईतलं काम चित्रांपेक्षा मोठं. पण चित्रं जगभर गेली आणि मायसेटोमा पोटासाठी राबणाऱ्या लोकांचा रोग, म्हणून मागे पडला.

ज्यांच्या देहांवरून ही चित्रं निघाली त्यांची नावं तर कुठेच नाहीत. 1832च्या इंग्लंडच्या कायद्यानं गरीबगृहात (वर्कहाउसमध्ये) आणि इस्पितळात मेलेल्या, कुणी न नेलेल्या गरिबांची प्रेतं वैद्यकीय शाळांना मिळत. आपल्याकडे 1949चा शरीरशास्त्र अधिनियम बेवारस देहांबद्दल तेच म्हणतो. देहदान करणाऱ्यांची भर त्यात पुष्कळ उशिरा पडली.

बाईंसाठी एक सूचना. पुढच्या वेळी मुलांना नेताना कार्टरच्या एखाद्या पानाची छायाप्रत जवळ ठेवा. त्या चित्रांवर आता कुणाचा हक्क नाही, सगळी खुली आहेत. हाताच्या बरणीसमोर ते पान धरलं की सात नंबरची चिठ्ठी शोधायची गरज राहत नाही, मुलं आकार बघून आपण होऊन नाव सांगतात. मीरा-भाईंदरच्या ज्या वाचकांनी ‘आम्हाला आत सोडतील का’ म्हणून विचारलंय, त्यांना इतकंच सांगतो, की ही संग्रहालयं मुळात विद्यार्थ्यांसाठी असतात. शरीररचना विभागाच्या प्रमुखांच्या नावे संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्या, कामाच्या दिवसाची वेळ मागा आणि आत गेल्यावर मोबाइल खिशातच ठेवा. तिथे फोटो काढू देत नाहीत आणि काढूही नयेत.

हृदय पुढच्या आठवड्यात. नक्की.