आकस्मिक उपचार, भाग ६ : दिसणारी जखम, न दिसणारा मार

अपघातात सापडलेल्या माणसाच्या अंगावरची सर्वांत मोठी जखमच त्याच्या जिवावर उठेल असे नाही. डोक्याची कातडी फाटून चेहरा रक्ताने माखलेला रुग्ण बरेचदा टाक्यांवर निभावतो. त्याच्या शेजारी बसून ‘मला काही नाही, नुसता मुका मार आहे’ म्हणणारा सहप्रवासी मात्र तासाभरात कोसळू शकतो, कारण त्याची प्लीहा फुटून पोटात रक्त साचत असते. म्हणून जखमीची तपासणी जखमेपासून सुरू होत नाही. ती ठरलेल्या क्रमाने होते आणि जीव सर्वांत लवकर कशाने जातो, त्यावर तो क्रम ठरतो.

हा क्रम एका ग्रामीण अनुभवातून आला. १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. जेम्स स्टायनर यांचे छोटे विमान शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली, मुले गंभीर जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयात जखमींकडे नेमके कोणत्या क्रमाने पाहायचे याची घडी बसलेली नव्हती. त्यातून सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी जो अभ्यासक्रम उभा केला, तोच पुढे जगभर शिकवला जाऊ लागला. गोंदियासारख्या जिल्ह्याला तो जवळचा वाटावा, याचे कारण हेच.

जिल्ह्याच्या दक्षिण भागातून राष्ट्रीय महामार्ग ५३ कोहमारा, देवरीमार्गे छत्तीसगडकडे जातो. जड वाहनांची त्यावर सतत वर्दळ असते. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाकडे निघालेली शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात उलटली आणि ११ जणांचा मृत्यू झाला. अशा ठिकाणी एकाच वेळी अनेक जखमी पडलेले असतात आणि मदतीला धावणारे लोक साहजिकच ओरडणाऱ्याकडे आधी वळतात. पण जो मोठ्याने ओरडतो आहे, त्याचा श्वासमार्ग त्या क्षणी मोकळा असतो आणि मेंदूला रक्त पोहोचत असते. गप्प पडलेल्याकडे आधी जावे लागते. ज्यांना चालता येते, त्यांना एका बाजूला बोलावून घेतले की उरलेल्यांत तातडीचे कोण, ते लवकर कळते.

उघड्या जखमेतून भळाभळा वाहणारे रक्त सर्वांत आधी थांबवायचे. स्वच्छ कापडाची घडी थेट जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी दाब द्यावा आणि तो धरून ठेवावा. थांबले का, हे पाहायला कापड दर मिनिटाला उचलले, तर धरू लागलेली गुठळी निघून येते. मळणी यंत्रात हात किंवा रेल्वेखाली पाय तुटला असेल आणि दाबाने रक्त थांबत नसेल, तर जखमेच्या वर रुंद, घट्ट पट्टा आवळतात आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवतात. सुतळी किंवा तार वापरू नये. ती कातडीत रुतते, धमनी मात्र बंद होत नाही. हळद, कॉफी, माती यांचा तर काहीच उपयोग नाही.

त्यानंतर श्वासमार्ग. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते, घशात रक्त किंवा उलटी साचते. मान न वाकवता खालचा जबडा पुढे उचलला, तर वाट मोकळी होते. मणक्याला इजा असू शकते, म्हणून मान स्थिर धरायची. मात्र श्वास अडला असेल, तर तो मोकळा करणे पहिले. मोहफुले वेचायला पहाटे रानात गेलेल्यांवर अस्वलाने हल्ला केला, की चेहऱ्याचेच लचके निघतात. असा माणूस शुद्धीवर असेल आणि मानेला मार नसेल, तर त्याला बळजबरीने उताणे झोपवू नये. पुढे वाकून बसू द्यावे, म्हणजे रक्त घशात न जाता बाहेर पडते. या जखमा साबण-पाण्याने भरपूर धुवाव्या लागतात आणि धनुर्वाताबरोबर रेबीजची लसही द्यावी लागते.

छातीत बरगडीने फुप्फुस फाटले, की हवा बाहेर साचत जाते आणि हृदयाकडे परतणारे रक्त अडते. रुग्ण धापा टाकतो, एका बाजूची छाती हलत नाही, नाडी जलद आणि क्षीण होते. इथे एक्स-रेची वाट पाहणे घातक. डॉक्टरने लक्षणांवरूनच ओळखून सुईने हवा मोकळी करायची आणि मग नळी घालायची असते.

सर्वांत फसवा असतो तो आतला रक्तस्राव. छाती, पोट, कटिर आणि मांडी या चार ठिकाणी माणसाचे रक्त बाहेर एक थेंबही न दिसता साचू शकते. एका मांडीचे हाड मोडले, तर लिटर-दीड लिटर रक्त स्नायूंत उतरते; कटिराच्या अस्थिभंगात त्याहून अधिक. धडधाकट तरुणाचा रक्तदाब शरीरातील सुमारे ३० टक्के रक्त जाईपर्यंत टिकून राहू शकतो. ‘बीपी नॉर्मल आहे’ या वाक्यावर म्हणूनच विसंबू नये. हातपाय गार, घाम, अस्वस्थपणा, जलद नाडी आणि नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत न परतणारा लालसरपणा, या खुणा आधी दिसतात. कटिर हलवून पाहू नये; मांड्यांच्या वरच्या उंचवट्यांभोवती दुमडलेली चादर घट्ट बांधावी. सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्याने रक्त पातळ होते, गुठळी सुटते. गरज रक्ताची आणि शस्त्रक्रियेची असते. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे स्वस्त इंजेक्शन मात्र ग्रामीण रुग्णालयातही देता येते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २० हजारांहून अधिक जखमींवरील चाचणीत त्याने मृत्यू कमी झाल्याचे दिसले. ते तीन तासांच्या आत द्यावे. पुढे फायदा राहत नाही.

डोक्याच्या मारासाठी डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देतात. पूर्ण गुण १५. ८ किंवा कमी असल्यास श्वासनलिकेत नळी घालावी लागते. तोंडाला दारूचा वास आला म्हणून गुंगी दारूची, असे धरून चालणे ही गंभीर चूक आहे. शेवटी कपडे काढून पाठीसह सारे अंग पाहायचे आणि लगेच पांघरूण घालायचे. थंडीत गोंदियाचा पारा विदर्भात नेहमीच खालच्या क्रमांकांवर असतो आणि गारठलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी मेंदूच्या किंवा गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूर गाठावे लागू शकते, आणि ते रेल्वेने सुमारे १३०, रस्त्याने त्याहूनही अधिक किलोमीटर दूर आहे. त्यामुळे रुग्ण पुढे पाठवायचा निर्णय पहिल्या काही मिनिटांतच व्हावा, तपासण्यांसाठी तो अडू नये; पण वाहते रक्त आणि अडलेला श्वास सांभाळल्याशिवाय गाडी हलूही नये. १०८ ची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. ती येईपर्यंत जखमीला पाणी पाजू नये. शस्त्रक्रियेआधी भूल देताना उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा नको, म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले. नाव सांगण्याचीही सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

रुग्णासोबतच्या चिठ्ठीत अपघाताची वेळ, शुद्धीचे गुण, नाडी व रक्तदाब, पट्टा बांधल्याची वेळ आणि दिलेली औषधे असावीत. वाटेत दर काही मिनिटांनी तपासणी पुन्हा पहिल्या पायरीपासून करावी.