गुरू, शिष्य आणि आप्त यांच्या नावाने

आज भाद्रपद वद्य अमावास्या. ज्यांची मृत्युतिथी ठाऊक नाही, अथवा ठाऊक असूनही त्या दिवशी ज्यांचे श्राद्ध घडले नाही, अशा सर्वांसाठी शास्त्रकारांनी राखून ठेवलेला पितृपक्षाचा हा शेवटचा दिवस. नवमी सवाष्ण गेलेल्या स्त्रियांची, द्वादशी संन्याशांची, चतुर्दशी शस्त्राने वा अपघाताने गेलेल्यांची, आणि आजची तिथी सर्वांची. घरोघरी दर्भ आणि काळे तीळ काढून ठेवले असतील, खिरीचे आणि भाजणीच्या वड्यांचे वास दरवळू लागले असतील, आणि गुरुजी येताच यजमानांस प्रश्न येईल: गोत्र कोणते? आजोबांचे नाव? पणजीचे नाव?

या शेवटच्या प्रश्नाशी बहुतेक यजमान अडखळतात. पणजोबांचे नाव कसेबसे आठवते. पणजीचे आठवत नाही. मग कोणी गावी फोन लावतो, कोणी जुनी वही शोधतो. शास्त्रालाही मनुष्यस्वभावाची ही मर्यादा ठाऊक असावी. पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप, प्रपितामह आदित्यरूप, अशा तीनच पिढ्यांना नावाचा पिंड आहे. नव्याने गेलेल्या माणसाचे सपिंडीकरण झाले की तो या तिघांच्या पंक्तीत येतो आणि जो सर्वांत जुना, तो पंक्तीतून उठतो. त्यापलीकडच्या तिघांना ‘लेपभाज’ म्हटले आहे. पिंड देऊन झाल्यावर हाताला जो भात चिकटून राहतो, तो दर्भावर पुसायचा. तेवढा त्यांचा वाटा. नाव उच्चारायचे नाही.

परंतु महालयाचे एक वैशिष्ट्य आहे आणि त्याकडे आमच्या वाचकांचे लक्ष वेधावे, यासाठीच हा लेखनप्रपंच. वार्षिक श्राद्ध एकाच्या निमित्ताने असते. महालयात मात्र यादी वाढत जाते. पितृत्रयी, मातृत्रयी, मातामह, मातामही, पत्नी, पुत्र, कन्या, काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरा. आणि रक्ताचे आणि सोयरिकीचे सगळे संपले की शेवटी गुरू, शिष्य आणि आप्त. ज्यांचा आपल्या कुळाशी काहीएक संबंध नाही, अशांसाठीही तेथे पिंड आहे. गुरुजी विचारतात, ‘यांपैकी कोणी गेले आहे काय?’ आणि यजमान घाईने ‘नाही’ म्हणतात. वस्तुतः गेलेले असतात. आठवत नाहीत, इतकेच.

गेल्या काही वर्षांत आम्हां कीर्तनकार आणि संस्कृतोपासक मंडळींच्या पंक्तीतून किती पाने उठली, याचा हिशेब केला तर मन सुन्न होते.

१९ ऑगस्ट २०२० रोजी पुण्यात डॉ. मधुकर अनंत मेहेंदळे गेले. वय १०२ वर्षांचे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या अफाट ग्रंथातील अस्त्रे कोणती, वृक्ष कोणते, नद्या कोणत्या, चालीरीती कोणत्या, हे शोधू पाहणाऱ्याच्या हाती सांस्कृतिक सूची देण्याचे काम मेहेंदळ्यांनी अनेक वर्षे केले. सूची हे निरूपणासारखे टाळ्या मिळवणारे काम नव्हे. सूचीकाराला कोणी हार घालत नाही. पण आमच्यासारखा बुवा पूर्वरंगात महाभारतातला दाखला देतो, तेव्हा कोठेतरी कोणीतरी बसून तो दाखला कोणत्या पर्वात आहे हे लिहून ठेवलेले असते.

२६ सप्टेंबर २०२२ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, डॉ. रामचंद्र देखणे गेले. संतसाहित्याचा अभ्यासक पुष्कळदा पुस्तकातच राहतो. देखणे भारूड घेऊन रंगमंचावर उभे राहिले आणि नाथांच्या रूपकांतला अर्थ त्यांनी शहरी श्रोत्यांना हसता हसता उलगडून दाखविला.

१८ ऑक्टोबर २०२४ रोजी पंडित वसंतराव गाडगीळ गेले. ‘शारदा’ हे संस्कृत नियतकालिक त्यांनी ज्या चिकाटीने चालविले, ती चिकाटी आजच्या पिढीस सांगूनही पटणार नाही. गीतरामायण त्यांनी संस्कृतात नेले. आणि ऋषिपंचमीच्या निमित्ताने ते वयोवृद्ध विद्वानांचा सत्कार करीत, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याच्या गुणांची यादी होते. हे गृहस्थ ती यादी माणूस समोर बसलेला असताना वाचून दाखवीत.

काशीचे वेदमूर्ती लक्ष्मीकांत दीक्षित यांचे नाव २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेच्या वेळी घरोघरी पोहोचले. पाच महिन्यांनी, २२ जून २०२४ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांचे घराणे मूळचे आमच्याच सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे. लोकांना तो एक दिवस दिसला. त्यामागची साठ-सत्तर वर्षांची संथा दिसली नाही. घनपाठ म्हणजे काय, हे एकदा समजून घ्यावे: पहिले पद दुसरे पद, मग दुसरे पहिले, मग पहिले दुसरे तिसरे, मग तिसरे दुसरे पहिले, पुन्हा पहिले दुसरे तिसरे, आणि एवढे झाल्यावर दुसऱ्या पदापासून तेच पुन्हा. एक स्वर चुकला तर मागे फिरायचे. अशा रीतीने संपूर्ण संहिता कंठात धारण करणारा माणूस जातो, तेव्हा एक ग्रंथालयच मिटते, आणि त्याला कुलूपही लावता येत नाही.

आणि बाबामहाराज सातारकर. मूळचे नीलकंठ ज्ञानेश्वर गोरे. जन्म ५ फेब्रुवारी १९३६, साताऱ्यास. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी, आश्विनातील शुद्ध एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, नवी मुंबईत नेरूळ येथे त्यांचे निर्वाण झाले. आम्ही नारदीय गादीचे, ते वारकरी फडावरचे. आमच्याकडे साकी, दिंडी, आर्या, कटाव आणि उत्तररंगात आख्यान. त्यांच्याकडे मागे टाळकऱ्यांची रांग, शेजारी मृदंग, आणि एका अभंगाचे दोन-अडीच तास निरूपण. दोन्हींचे देव एक, पण व्याकरण निराळे. तरीही त्यांचे कीर्तन ऐकताना नारदीय बुवांनीही मान डोलवावी, असा त्यांचा आवाज होता. आग्रा घराण्याच्या गायकीची तालीम त्यांनी घेतली होती. परंतु ती तालीम त्यांनी कधी मिरवली नाही. सुरावर उभे राहून ते सरळ बोलत. हरिपाठाच्या त्यांच्या ध्वनिफिती ज्या घरी वाजल्या नाहीत, असे वारकरी घर सापडणे कठीण. घरातली गृहिणी पहाटे सडा घालते आहे, आत टेपरेकॉर्डरवर हरिपाठ चालू आहे, असे दृश्य आम्ही खेडोपाडी पाहिले आहे. आजोबा दादामहाराजांपासून चालत आलेली कीर्तनसेवा त्यांनी कन्या आणि नातू यांच्या हाती स्वतःच्या देखत सोपविली.

ही झाली ज्ञात मंडळी. त्यांच्या पुण्यतिथीला सभा होते, वृत्तपत्रात छायाचित्र येते. परंतु पंढरपुरासारख्या क्षेत्रात ज्यांच्या बळावर कीर्तन उभे राहते, ती माणसे निराळी असतात. त्यांच्या जाण्यानंतर चौकात आठ दिवस फ्लेक्स लागतो. त्यावर गेलेल्याचे नाव लहान आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांची नावे मोठी. असो.

वर्षश्राद्धाच्या वेळी घरची मंडळी आम्हांस कीर्तनासाठी बोलावतात आणि म्हणतात, ‘बुवा, आमच्या अण्णांविषयी दोन शब्द बोला.’ आम्ही विचारतो, अण्णा कसे होते? उत्तर ठरलेले: ‘देवमाणूस होते हो, सर्वांशी मिळून मिसळून असत.’ हे वाक्य कोणाविषयीही म्हणता येते, म्हणून ते कोणाविषयीच नसते. मग आम्ही शेजारी विचारतो, देवळातल्या पुजाऱ्यास विचारतो, दुकानदारास विचारतो. आणि हळूहळू माणूस सापडू लागतो.

आमच्या आळीत एक आजी होत्या. लहान वयात वैधव्य आलेले. वाती वळणे आणि चातुर्मासात बायकांना कहाण्या सांगणे, एवढाच त्यांचा व्यवसाय म्हणायचा तर म्हणा. कीर्तनाला त्या खांबाशी बसत. एकदा आम्ही सुदाम्याचे आख्यान लावले होते. दुसऱ्या दिवशी देवळात गाठ पडली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बुवा, पोहे कुठून आले ते तुम्ही सांगितले नाहीत.’ आम्ही म्हटले, सुदामदेवांच्या घरचे. तर म्हणाल्या, ‘घरात असते तर दारिद्र्य कशाचे? त्या माउलीने शेजारी मागितले. चार मुठी. चार घरे फिरली असेल ती. तिचे कोणी काही बोलत नाही.’

आम्ही भागवताचा दशम स्कंध उघडला. ८०व्या अध्यायात तसेच आहे. पत्नी इतर ब्राह्मणांकडे चार मुठी पोहे मागते, एका फडक्यात बांधते आणि पतीच्या हाती देते. तिचे नाव व्यासांनी दिलेले नाही. फार काय, त्या ब्राह्मणाचे ‘सुदामा’ हे नावही तेथे नाही; नाव पुढच्या परंपरेने दिले. आजींना अक्षरओळख बेताची. संस्कृताचा गंध नव्हता. परंतु मूळ कथेतला हा बारकावा त्यांच्यापर्यंत कोणा तरी आजीकडून, तिच्यापर्यंत तिच्या आजीकडून आलेला होता. तेव्हापासून आमच्या आख्यानात त्या चार मुठींना आणि त्या दारोदार फिरण्याला जागा आहे, आणि प्रत्येक वेळी श्रोत्यांतल्या स्त्रिया तेथे डोळे पुसतात.

२०२० साली आजी गेल्या. त्या वर्षी १७ मार्चपासून विठ्ठलाचे मंदिर भाविकांसाठी बंद होते, चैत्री वारी झाली नाही, आणि आषाढीला संतांच्या पादुका एसटीच्या बसमधून आल्या. रिकाम्या रस्त्याने, मोजक्या माणसांनी त्यांना नेले. भजन नव्हते, बुक्का नव्हता. त्यांना मूलबाळ नाही. त्यामुळे त्यांचे नाव कोणत्याही घरच्या पितृत्रयीत वा मातृत्रयीत येणार नाही. आम्ही ऋग्वेदी. आश्वलायनांनी सांगितलेल्या ब्रह्मयज्ञाच्या तर्पणात ऋषी आणि आचार्य यांच्या ओळीत गार्गी वाचक्नवी, वडवा प्रातिथेयी आणि सुलभा मैत्रेयी या तीन स्त्रियांची नावे आहेत. त्यांच्या पोटी कोण आले होते, हे कोणी विचारीत नाही. त्यांनी शिकविले, म्हणून त्यांना पाणी आहे. आमच्या महालयात ‘गुरू’ या शब्दापाशी आम्ही त्या आजींचे नाव घेतो. गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप म्हणावे, अशी रूढी आहे.

दुसरे एक गृहस्थ. दिवसा नगरपालिकेत कारकून, सायंकाळी पेटीवर. चाळीस वर्षे त्यांनी गावोगावच्या बुवांची साथ केली. बाहेरगावचा बुवा गाडीतून उतरला की यांचा पहिला प्रश्न, ‘पट्टी कोणती?’ काळी दोन, पांढरी चार, काय असेल ते एका वहीत लिहून ठेवीत. वहीत बुवाचे नाव, गाव, पट्टी, आणि पुढे एखादी ओळ. ‘दिंडी संथ घेतात.’ ‘मध्यंतरानंतर आवाज अर्ध्या पट्टीने उतरतो.’ ‘यांस आर्या लांबविण्याची सवय. वाट पाहणे.’ कीर्तनाची साथ ही मैफलीच्या साथीहून कठीण असते. बुवा बोलता बोलता कोणत्या क्षणी सूर लावील, हे त्यालाही ठाऊक नसते. या गृहस्थांना ठाऊक असे. बुवाने श्वास घेतला की यांचे बोट स्वरावर पडलेले असे.

२०२१ च्या वैशाखात, साथीच्या दुसऱ्या लाटेत, चार दिवसांच्या तापाने ते गेले. मुलगा परगावी अडकलेला. दहावे, बारावे, तेरावे नदीकाठी कसेबसे उरकले. पेटी पुढे विकावी की ठेवावी, अशी घरात चर्चा चालली असता त्यांच्या सुनेला भात्याखालच्या कप्प्यात ती वही सापडली. तिने ती पंचात गुंडाळून आमच्याकडे आणली आणि म्हणाली, ‘यातले काही कळत नाही, पण सासऱ्यांचे अक्षर आहे.’

आम्ही ती रात्रभर वाचली. त्यात ज्या बुवांची नावे आहेत, त्यांतील निम्म्याहून अधिक आज हयात नाहीत. काहींचे कुठलेही छायाचित्र आमच्या पाहण्यात नाही, ध्वनिफीत नाही, छापील शब्द नाही. त्यांचा आवाज कोणत्या पट्टीचा होता आणि ते दिंडी कशी म्हणत, एवढे मात्र एका कारकुनाच्या वहीत आहे. आम्ही वही सुनेला परत दिली आणि पेटी विकू नये, असे सांगितले.

वाचकहो, आज गुरुजी जेव्हा गुरू, शिष्य, आप्त या शब्दांपाशी येतील, तेव्हा त्यांना क्षणभर थांबावयास सांगावे. ज्यांनी तुम्हांस रांगोळी शिकविली, अथर्वशीर्षाचे उच्चार नीट करून घेतले, आजारपणात रात्री जागविल्या, त्यांतील कोण या वर्षी गेले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलांच्या देखत मोठ्याने सांगावे. नावासह, आणि ते काय करीत त्यासह. पिंड देण्याची सोय नसेल तर तिळाचे पाणी द्यावे.

त्या पेटीवाल्यांच्या घरी आज सायंकाळी आमचे कीर्तन आहे. आख्यान सुदाम्याचेच लावले आहे. साथीला त्यांची नात बसणार आहे. पाचवीपासून पेटी शिकते आहे. तिने आमची पट्टी विचारली नाही. वहीत आहे.