शेवटचे पाचशे मीटर

धावपटू, सायकलपटू, घोडेस्वार हे सारे पुढे पाहत शर्यत जिंकतात. वल्हवण्याच्या शर्यतीतला खेळाडू मात्र अंतिम रेषेकडे पाठ करून बसतो! त्यामुळे एक मोठी गंमत होते. जो आघाडीवर असतो त्याला मागचे सगळे स्पर्धक समोर दिसतात. जो मागे पडला असेल त्याला मात्र पुढचा दिसत नाही. मान वळवून पाहावे, तर अरुंद होडीचा तोल जाण्याची भीती!

अशा या खेळात मागून येऊन जिंकणारा म्हणून एक खेळाडू प्रसिद्ध झाला. त्याचे नाव व्याचेस्लाव इव्हानोव्ह. १९३८ साली जन्मलेला हा सोव्हिएत खेळाडू एकट्याने, दोन वल्ह्यांनी होडी चालवी. अंतर २००० मीटर.

तीन वेळा सुवर्णपदक

१९५६ सालचे ऑलिंपिक मेलबर्नला झाले. वल्हवण्याच्या शर्यती मात्र बॅलरॅट गावाजवळच्या वेंडूरी तलावावर घेतल्या गेल्या. इव्हानोव्ह तेव्हा फक्त १८ वर्षांचे होते. ऑस्ट्रेलियाचे स्टुअर्ट मॅकेन्झी घरच्या प्रेक्षकांसमोर पुढे होते. पण शेवटच्या टप्प्यात इव्हानोव्ह यांनी त्यांना मागे टाकले. पदक मिळताच त्यांनी आनंदाच्या भरात ते हवेत उडवले, आणि ते थेट तलावात पडले! पाण्यात बुड्या मारूनही ते सापडले नाही. सापडणार तरी कसे? ऑलिंपिकचे ‘सुवर्ण’ पदक म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदी. चांदी पाण्याच्या सुमारे साडेदहा पट जड. ते सरळ तळाच्या गाळात गेले असणार. पुढे त्यांना दुसरे पदक देण्यात आले.

१९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये आणि १९६४ साली टोकियोत ते पुन्हा जिंकले. दोन्ही वेळा दुसरा क्रमांक जर्मनीच्या आखिम हिल यांचा होता. १९६२ साली लुसर्नला भरलेली पहिली जागतिक स्पर्धाही इव्हानोव्ह यांनीच जिंकली.

यातली टोकियोची शर्यत विलक्षण होती. हिल बरेच पुढे होते. इव्हानोव्ह यांनी अखेरीस सारे बळ एकवटून वेग वाढवला. त्या भरात काही क्षण आपली शुद्धच हरपली होती, असे त्यांनी नंतर सांगितले. तरीही ते ३.७३ सेकंदांनी, म्हणजे सुमारे १५ मीटरांनी जिंकले.

पाणी काय म्हणते?

आता थोडा हिशेब करू. होडीला होणारा पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला, तर विरोध चौपट होतो. आणि दर सेकंदाला लागणारी ऊर्जा, म्हणजेच शक्ती, आठपट होते!

समजा, अ हा खेळाडू सर्व २००० मीटर सेकंदाला ४ मीटर या वेगाने गेला. त्याला ५०० सेकंद लागतील. ब हा पहिले १००० मीटर ३.५ च्या आणि उरलेले १००० मीटर ४.५ च्या वेगाने गेला. सरासरी ४ च, असे तुम्ही म्हणाल. पण त्याला सुमारे ५०८ सेकंद लागतात! कारण मंद वेगाने तो जास्त वेळ घालवतो. आता दोघांनी केलेले कार्य पाहा. वेगाचा वर्ग गुणिले अंतर असा हिशेब केला, तर अ चे ३२,००० आणि ब चे ३२,५०० एकक भरते. म्हणजे ब दमला जास्त आणि पोहोचला उशिरा.

तेव्हा एकसारखा वेग सर्वांत किफायतशीर. मग अखेरीस वेग वाढवणारे इव्हानोव्ह जिंकले कसे?

ब ने आधी जोरात आणि नंतर हळू वल्हवले असते, तरी आकडे तेच आले असते. पाण्याला त्याचे काही नाही. फरक पडतो तो शरीराला. आपले स्नायू दोन प्रकारे ऊर्जा मिळवतात. प्राणवायू वापरून मिळणारी ऊर्जा पुष्कळ वेळ पुरते. पण तिचा पुरवठा पूर्ण सुरू व्हायला थोडा वेळ लागतो. प्राणवायूवाचून मिळणारी ऊर्जा झटपट मिळते. पण तिचा साठा थोडा असतो. हा साठा ज्याने सुरुवातीलाच उधळला, त्याचे हातपाय पुढे जड होतात. इव्हानोव्ह यांच्याजवळ अखेरीस तो शिल्लक असे.

म्हणजे त्यांनी निसर्गाचा नियम मोडला नाही. त्याची किंमत त्यांनी पुरेपूर मोजली, अगदी शुद्ध हरपेपर्यंत! अधिक एकसारख्या वेगाने गेले असते, तर त्याच कष्टांत कदाचित ते आणखी लवकर पोहोचले असते. पण शर्यत सूत्राशी नसते, शेजारच्या होडीशी असते. आणि आघाडीवरच्या हिल यांना मागून येणारी ती होडी क्षणोक्षणी जवळ येताना दिसत होती!

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी इव्हानोव्ह यांची निवड झाली नाही. या प्रकारात ओळीने तीन सुवर्णपदके मिळवण्याची बरोबरी पुढे फिनलंडच्या पेर्टी कार्पिनेन यांनी १९७६, १९८० आणि १९८४ साली केली. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये याच एकेरी प्रकारात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचे दत्तू भोकनळ उतरले आणि तेरावे आले, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

तुम्ही विचार करा

इव्हानोव्ह यांच्या तीन विजयांच्या वेळा अशा : १९५६ – ८ मिनिटे २.५ सेकंद, १९६० – ७ मिनिटे १३.९६ सेकंद, १९६४ – ८ मिनिटे २२.५१ सेकंद. प्रत्येक वेळचा सरासरी वेग काढा. मग स्वतःला विचारा : तोच खेळाडू, तेच अंतर, तरी एका मिनिटाहून अधिक फरक कसा?

एक खूण देतो. होडी सेकंदाला ४ मीटर वेगाने चालली आहे आणि वारा तेवढ्याच वेगाने समोरून येतो आहे, तर खेळाडूला वारा किती वेगाने लागेल? आणि वारा पडलेला असताना होणाऱ्या विरोधाच्या तुलनेत आता हवेचा विरोध किती पट होईल? उत्तर काढलेत, की वेगवेगळ्या तलावांवरच्या वेळांची तुलना करणे का फसवे असते, ते तुमचे तुम्हांलाच कळेल.