सूचित करणे

सूचित करणे : एखादी गोष्ट स्पष्ट शब्दांत न सांगता ती श्रोत्याच्या वा वाचकाच्या ध्यानी येईल अशा रीतीने बोलणे किंवा लिहिणे, या अर्थाचे मराठी क्रियापद. ध्वनित करणे, आडून बोलणे हे त्याचे निकटचे पर्याय होत. उल्लेख करणे व निर्देश करणे यांत विषयाचे नाव उघडपणे घेतले जाते. सूचित करण्यात ते टाळलेले असते.

या शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘सूच्’ हा धातू आहे. धातुपाठात त्याचा अर्थ ‘पैशुन्य’ म्हणजे चहाडी असा दिला असून, संस्कृतात ‘सूचक’ या शब्दाला खबऱ्या असाही अर्थ आहे. मराठीत या शब्दकुलाचे अर्थ बरेच पांगले आहेत. ‘सूचना’ ही आज उघड आज्ञा किंवा जाहीर माहिती असते. सभेतील ‘सूचक’ ठराव उघडपणे मांडतो. नाव किंवा उपाय ‘सुचविणे’ यातही आडपडदा नसतो. उलट ‘सूचक मौन’, ‘सूचक हास्य’ या प्रयोगांत अप्रत्यक्षतेचा अर्थ टिकून आहे. ‘सूतोवाच करणे’ म्हणजे विषयाला आरंभ करणे; त्याचा सूचित करण्याशी होणारा घोटाळा केवळ ध्वनिसाम्यातून उद्‌भवतो.

भारतीय साहित्यशास्त्रात या व्यापाराचा सखोल विचार झाला आहे. काश्मीरमधील आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वन्यालोक या ग्रंथात अभिधा व लक्षणा यांहून वेगळी अशी व्यंजना ही शब्दशक्ती प्रतिपादिली. ‘सूर्य मावळला’ या साध्या वाक्यातून ऐकणाऱ्यागणिक निराळा अर्थ निघतो, हे मम्मटाने काव्यप्रकाशात (अकरावे शतक) दाखविले आहे. घरात ‘दिवेलागण झाली’ असे म्हटले, तर खेळणाऱ्या मुलांना ते परतण्याचे बोलावणे वाटते, तर रेंगाळलेल्या पाहुण्याला निरोपाची खूण वाटते. असा अर्थ शब्दातून व्यक्त होत नसून श्रोता तो अनुमानाने काढतो, असे महिमभट्टाने व्यक्तिविवेकात मांडले. आधुनिक काळात पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९६७ मधील हार्व्हर्ड येथील व्याख्यानांत, संभाषणातील परस्परसहकार्याच्या गृहीतावर श्रोता न बोललेला अर्थ कसा जाणतो, याचे विवेचन केले.

सूचित अर्थाची जबाबदारी कोणाची, हा या क्रियापदाच्या वापरातील कळीचा प्रश्न आहे. मराठी वाक्यरचनेत त्याची सोय आढळते. ‘वक्त्याने निवृत्तीचा विचार सूचित केला’ या वाक्यात हेतू वक्त्याकडे जातो. ‘भाषणातून निवृत्तीचा विचार सूचित होतो’ या वाक्यात हेतूविषयी काहीही म्हटलेले नसते. अर्थ शब्दांतून निघतो एवढेच सांगितलेले असते. ‘श्रोत्यांनी निवृत्तीचा तर्क केला’ असे म्हटल्यास भार श्रोत्यांवर पडतो. वृत्तलेखनात किंवा साक्षीच्या नोंदीत या तिन्हींची गल्लत झाली, तर न बोललेले विधान एखाद्याच्या माथी मारले जाण्याचा, अथवा आडून केलेल्या आरोपाची जबाबदारी टळण्याचा धोका असतो.

कायद्यानेही आडवळणाच्या बोलण्यास सरसकट मोकळीक दिलेली नाही. पर्यायी स्वरूपात किंवा उपरोधाने केलेला आरोपही अब्रुनुकसानी ठरू शकतो, असे १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मधील तिसऱ्या स्पष्टीकरणात नमूद होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही ही तरतूद कायम आहे.

लोकव्यवहारात ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण याच भाषाव्यापाराचे मार्मिक वर्णन करते. बोलणे एकीला उद्देशून असते, पण ते लागते दुसरीला; आणि दुसरीने जाब विचारल्यास ‘तुला कोण बोलले?’ असे म्हणून हात झटकता येतात. प्रत्यक्ष शब्दाचा पुरावा मागे न ठेवता अर्थ पोहोचविणे, हेच सूचनाचे सामर्थ्य होय आणि त्याच्या दुरुपयोगाचे कारणही तेच आहे.