जातं थांबलं, ओवीचं काय?

पेरणीला अजून अवकाश आहे. बी-बियाणं, खतं, पीक कर्ज हे विषय पुढं आहेतच. म्हणून आज जरा आडवाटेनं जाऊ.

आखाजीच्या आधी पारावर बसलो होतो. बोलता बोलता कवितेचा विषय निघाला. एका जाणत्या शेतकऱ्यानं तोंडावरच विचारलं, "कवितेनं कापसाला भाव मिळतो का?"

नाही मिळत. हे आधीच कबूल करून टाकतो. पण मी त्यालाच उलटं विचारलं, "दादा, तुमची आई जात्यावर काय म्हणायची?" गडी गप्प झाला. अर्धी ओवी आठवली, पुढचं काही आठवेना. "थोरल्या बहिणीला येत असेल," एवढंच म्हणाला.

आता बघा, आपल्याकडे कविता पुस्तकात नव्हतीच. ती कामाला जुंपलेली होती. मोटेवर मोटेची गाणी, कापणीला भलरी, पहाटे जात्यावर ओवी. दोघी समोरासमोर बसायच्या, खुंट्याला दोघींचा हात, आणि दगडाच्या घरघरीत जे एरवी बोलता येत नव्हतं ते बोललं जायचं. माहेरची ओढ, भावाचं कौतुक, सासरचा जाच, पंढरीचा विठोबा. ऐकायला कोणी नाही आणि ऐकलं तरी काय, ओवीच ती! सुनेला तेवढी एकच जागा मोकळी होती.

मोटेची जागा इंजिनानं आणि विजेच्या पंपानं घेतली, जात्याची गिरणीनं. त्याबद्दल रडायचं कारण नाही. जातं परत आणा म्हणणाऱ्यानं आधी स्वतः पायलीभर ज्वारी दळून दाखवावी! पण काम गेलं तशी त्याच्या दावणीला बांधलेली कविताही गेली, आणि ती कुठं लिहून ठेवायची राहिली.

लिहून ठेवलं तर काय होतं, याचा दाखला खानदेशातच आहे. आसोद्याच्या माहेरवाशीण, जळगावच्या बहिणाबाई चौधरी. जन्म १८८०चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तिशीत वैधव्य आलं, शेती आणि पोरं सांभाळली, आणि काम करता करता ओठावर गाणी आली तीही घरच्या बोलीत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी जमेल तेवढी टिपली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही भीतभीत आचार्य अत्र्यांना दाखवली. हे महाराष्ट्रापासून लपवणं गुन्हा आहे, असं अत्र्यांनी सुनावलं आणि १९५२मध्ये पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला, २०१८पासून, त्याच बाईचं नाव आहे. टिपली गेली नाहीत ती गाणी मात्र त्यांच्याबरोबरच गेली. एका वहीवर सगळं अडलेलं होतं, वाचकहो!

ना. धों. महानोरांचंही तसंच. अजिंठ्याच्या परिसरातलं पळसखेडे हे त्यांचं गाव. १९६७ साली 'रानातल्या कविता' आल्या. १९७८मध्ये विधान परिषदेवर गेले तरी शेती आणि पाणी हा विषय सोडला नाही. २०२३मध्ये ते गेले. शेतात राबणारा माणूस स्वतःच्या रानावर लिहितो तेव्हा ओळीला मातीचा वास येतो. नाहीतर आजकाल बांध न चढलेले लोक 'पोशिंदा, पोशिंदा' करून टाळ्या घेतात, आणि संमेलनात कवितांपेक्षा पाहुण्यांचे सत्कारच लांबतात. असो.

मुद्दा ओव्यांचा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून हजारावर गावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७पासून त्या 'पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'वर वाचायला आणि ऐकायला मिळतात. त्यात नुसतं विठ्ठल-रुक्मिणी नाही, बाबासाहेबांवरच्या ओव्यासुद्धा पुष्कळ आहेत. म्हणजे देशात काय चाललंय हे त्या बायांना कळत होतं आणि त्या आपल्या परीनं नोंद ठेवत होत्या. तुमच्या गावच्या दप्तरात जन्म-मृत्यू सापडेल, घरपट्टी सापडेल. बाईला काय वाटलं ते या ओव्यांतच सापडेल.

पण तुमच्या गावच्या ओव्या त्यात असतीलच असं नाही. ज्या आजींना त्या येतात, त्या आता सत्तरी-ऐंशीच्या पुढं आहेत. ग्रामसेवक साहेब, गुरुजी, हे काम तुमच्या हातचं आहे. खर्च काही नाही, मोबाईल प्रत्येकाकडे आहे. आजीची परवानगी घ्या, तिच्या घरी, तिच्या ओट्यावर बसा. माईक आणि हार नेऊ नका, ती बुजेल. बोली जशी आहे तशीच लिहा, शुद्ध करत बसू नका. आजीचं नाव, माहेरचं गाव आणि ओवी कोणाकडून शिकली एवढं जरूर टिपा. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत. आणि नातवंडांनाच लिहायला बसवा. सुट्टी आहेच.

त्या पारावरच्या दादाची थोरली बहीण आखाजीला माहेरी आली होती. त्यानं मोबाईल समोर धरला. तिनं एकही ओवी म्हटली नाही. "आठवत नाही रे," म्हणाली. दुसऱ्या दिवशी यानं शेजारच्या गोठ्यात उलटं पडलेलं जातं उचलून आणलं, धुतलं आणि तिच्यापुढं मांडलं. तिनं मूठभर ज्वारी टाकली, खुंट्याला हात लावला, आणि दुपारपर्यंत थांबली नाही. त्यातल्या तीन ओव्या आईनं याच्या जन्मावर रचलेल्या होत्या. त्याला आजवर माहीतच नव्हतं.